फळ्यापाशी कोण उभे आहे?

५ सप्टेंबरचा दिवस आमच्या शाळेत मोठ्या थाटाने साजरा होई. त्या दिवशी शिक्षकांना विश्रांती आणि विद्यार्थीच शिक्षक. आठवी ते दहावीची मुले इस्त्रीचे कपडे घालून, मुली आईच्या किंवा वहिनीच्या साड्या नेसून येत आणि खालच्या वर्गांवर तास घेत. मुख्याध्यापक विद्यार्थी, पर्यवेक्षक विद्यार्थी आणि घंटा देणारा शिपाईसुद्धा विद्यार्थीच! कोणी काय व्हायचे याची यादी आठ दिवस आधी लागे. ती वर्गशिक्षक तयार करीत, असे म्हणायचे. पण खरे पाहता ती आधीच तयार असे. ज्यांची बोली शुद्ध, ज्यांच्या घरी नेसायला चांगली साडी, ज्यांचे वडील गावात चार माणसांत बसणारे, ती मुले आपोआप शिक्षक होत. आमच्या वर्गात पारध्याचा एक मुलगा होता. आठवीत आणि नववीत, दोन्ही वर्षी त्याच्या वाट्याला एकच काम आले – घंटा वाजवण्याचे.

मला कधीच काही मिळाले नाही. आणि त्याचे मला वाईटही वाटले नाही. आज या लेखाला बसताना मला हीच गोष्ट अधिक विचार करण्यासारखी वाटते. एखादी वस्तू आपल्याला नाकारली गेली तर माणूस रडतो, भांडतो. परंतु ती आपल्यासाठी असूच शकते हे ज्याच्या मनातच आले नाही, तो कशासाठी रडणार?

मी बीड जिल्ह्यातल्या एका लहान गावची. आई-वडील ऊसतोडीला जातात. दसरा झाला की गावात मुकादमाच्या फेऱ्या सुरू होतात, गाड्या भरतात आणि निम्मे गाव पश्चिम महाराष्ट्राकडे नाहीतर कर्नाटकाकडे निघते. परत येतो ते पाडव्याच्या सुमारास. म्हणजे पहिल्या सत्राचे शेवटचे दिवस आणि दुसरे सत्र जवळजवळ सगळे आमचे फडातच जायचे. मी सातवीपर्यंत दरवर्षी आई-वडिलांबरोबर गेले. कोपीत धाकट्या भावाला सांभाळायचे, पाणी भरायचे, वाढे गोळा करायचे. एप्रिलमध्ये शाळेत पुन्हा तोंड दाखवले की वर्गात पहिला प्रश्न ठरलेला असे : “काय गं, इतके दिवस कुठे होतीस?” विचारणारे गुरुजी वाईट नव्हते. त्यांच्या विचारण्यात रागापेक्षा कंटाळाच अधिक असे. पण त्या प्रश्नाला उत्तर देताना मला नेहमी काहीतरी चोरी केल्यासारखे वाटे. मग मी मान खाली घालून उभी राही आणि वर्ग हसे.

आठवीत असताना गणिताला नव्या बाई आल्या. नोव्हेंबर ते मार्च मी नव्हतेच. एप्रिलमध्ये गेले तेव्हा त्यांनी हजेरी घेताना माझ्या नावापाशी थांबून विचारले, “कुठल्या कारखान्यावर होता? गाडीसेंटर का डोकीसेंटर?”

वर्ग हसला नाही. कारण वर्गाला प्रश्नच कळला नाही. पण मला कळला, आणि मागच्या बाकांवरच्या आणखी चौघी-पाचजणींना कळला. बैलगाडी घेऊन जाणाऱ्यांचे ते गाडीसेंटर आणि डोक्यावर मोळ्या घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्यांचे ते डोकीसेंटर. हे शब्द फडाबाहेर कोणी बोलत नाही. मी म्हणाले, “डोकीसेंटर.” बाई म्हणाल्या, “मग मानेला तेल लावत जा आईच्या. बस खाली.” आणि त्यांनी फळ्यावर समीकरण लिहायला घेतले. त्यांच्या डाव्या हाताच्या बोटावर कोयत्याचा जुना वण होता. तो मला त्या दिवशी दिसला. तसा वण माझ्या आईच्या हातावर आहे. तसा हात खडू धरू शकतो, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते.

मित्रहो, “आदर्श शिक्षक” हा शब्द आपण फार सैल वापरतो. शासनाचा पुरस्कार मिळाला की आदर्श, निकाल शंभर टक्के लागला की आदर्श. परंतु विद्यार्थ्याच्या दृष्टीने आदर्श म्हणजे काय? माझ्या मते, ज्याच्याकडे पाहून “हे मलाही जमेल” असे वाटते तो आदर्श. “हे फार थोर आहे” असे वाटणे निराळे आणि “हे मलाही जमेल” असे वाटणे निराळे. पहिल्यातून नमस्कार घडतो, दुसऱ्यातून पाऊल पडते. भिंतीवरच्या तसबिरींना नमस्कार करून आमच्या पिढ्या गेल्या. पाऊल पडायला मात्र समोर चालणारे माणूस लागते, आणि ते आपल्याच पायवाटेने आलेले असले तर पाऊल लवकर पडते.

म्हणूनच शिक्षकवर्ग निरनिराळ्या जातींचा, धर्मांचा, भागांचा, स्त्रियांचा आणि पुरुषांचा, धडधाकट आणि अपंग असा मिळून बनलेला असला पाहिजे, असे मी आग्रहाने म्हणते. हा दयेचा किंवा वाटणीचा प्रश्न नाही. तो शिक्षणाचाच प्रश्न आहे.

महाराष्ट्राला हे नव्याने सांगावे लागू नये. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा सावित्रीबाई फुले यांचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. लोकांनी शेण आणि चिखल फेकला ही गोष्ट आपण भाषणात सांगतो. पण लोकांना एवढा राग कशाचा आला असेल? मुलींनी शिकण्याचा तर होताच. पण एक बाई, तीही माळ्याची, शिकवायला उभी राहते, या दृश्याचाही तो राग होता. शिकणारी मुलगी घरात लपवता येते. शिकवणारी बाई रस्त्याने चालत जाते आणि सगळ्यांना दिसते. त्या दिसण्याचे सामर्थ्य शेण फेकणाऱ्यांना बरोबर कळले होते. आपल्याला ते कधीकधी कळत नाही. सावित्रीबाईंनी १८५६ साली जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख येतो. ही त्यांची सहकारी फातिमा शेख. त्या शाळांमधून काय निघाले, याचा पुरावाही आपल्यापाशी आहे. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता साळवे या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. शाळा सुरू झाल्यापासून अवघ्या सात वर्षांत फुल्यांच्या शाळेतली मुलगी आपल्या समाजाचे गाऱ्हाणे स्वतःच्या शब्दांत मांडू लागली! हे निव्वळ मुळाक्षरांनी होत नाही. समोर उभे असलेले माणूस न घाबरता बोलते, हे रोज पाहिल्याने होते.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी हेच दुसऱ्या रीतीने ओळखले होते. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ साली साताऱ्यात त्यांनी सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. १९३५ साली त्यांनी साताऱ्यातच शिक्षक तयार करणारे अध्यापक विद्यालय काढले. शाळेआधी शिक्षक हवा, आणि खेड्याच्या शाळेला खेड्यातला शिक्षक हवा, हे त्यामागचे साधे गणित होते. बहुजनांची मुले पुढे शिकली त्याचे श्रेय आपण इमारतींना देतो. पुष्कळसे श्रेय त्या मास्तरांना आहे.

आता यावर एक आक्षेप हमखास येतो. आमच्या वर्गात मी हा विषय काढला तेव्हाही आला. “ज्ञानाला जात नसते. शिक्षक चांगला असला म्हणजे झाले. तो कोणाचा आहे हे कशाला पाहायचे?” हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला प्रामाणिकपणेच उत्तर दिले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या सत्कारात कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले आणि पुढील शिक्षणासाठी मदतही मिळवून दिली. केळुसकर गुरुजी बाबासाहेबांच्या जातीचे नव्हते. तेव्हा शिक्षक जातीचाच हवा असे म्हणणे चुकीचे ठरेल, आणि तसे मी म्हणतही नाही. माझ्याही आयुष्यात अशी माणसे आली; ती नसती तर मी या महाविद्यालयात पोहोचले नसते.

परंतु त्याच बाबासाहेबांची पुढची गोष्टही ध्यानात घ्या. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. त्यांची व्याख्याने ऐकायला बाहेरचे विद्यार्थीही येत. पण प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. म्हणजे ज्ञानाला जात नव्हती. पाण्याच्या भांड्याला होती! आणि वर्गात बसलेल्या मुलांना दोन्ही गोष्टी दिसत होत्या. पुढे १९३५ साली हेच गृहस्थ मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. ज्या खुर्चीवर आपल्यातले कोणी बसेल असे कोणाच्या स्वप्नात नव्हते, तिच्यावर ते बसले. त्या एका बसण्याने किती घरांत दिवे लागले असतील, याचा हिशेब कोण करणार?

काही हिशेब मात्र झालेले आहेत. आंध्र प्रदेशातील सरकारी प्राथमिक शाळांचा मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. शिक्षिका असलेल्या वर्गात मुलींची प्रगती अधिक होते आणि मुलांचे त्यात काही नुकसान होत नाही, असे त्यात आढळले. अमेरिकेत टेनेसी राज्यात १९८० च्या दशकात एका प्रयोगासाठी मुलांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे वेगवेगळ्या वर्गांत विभागले होते. त्या मुलांचा पुढे माग काढला, तेव्हा तिसरीपर्यंत एक तरी कृष्णवर्णीय शिक्षक लाभलेली कृष्णवर्णीय मुले महाविद्यालयात दाखल होण्याचे प्रमाण इतर कृष्णवर्णीय मुलांपेक्षा सुमारे शेकडा १९ ने अधिक निघाले. हा अभ्यास २०२२ साली छापून आला. एक शिक्षक, एक वर्ष, आणि परिणाम बारा-पंधरा वर्षांनंतर! आपल्याच देशातील तिसरे उदाहरण शाळेतले नाही, पण जवळचे आहे. पश्चिम बंगालमधील ज्या गावांत सरपंचपद दोन वेळा स्त्रियांसाठी राखीव राहिले, तेथे मुला-मुलींच्या शिक्षणातील अंतर नाहीसे झाल्याचे २०१२ सालच्या अभ्यासात दिसले. मुलींनी सरपंच बाईला पाहिले, त्यांच्या आई-बापांनीही पाहिले, आणि घरातील बोलणे बदलले.

घरातील बोलणे बदलते, हे मी स्वतः अनुभवले आहे. नववीत असताना मला एक स्थळ आले. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. लग्न झाले की नवा कोयता तयार, आणि नव्या कोयत्यावर नवी उचल. त्यामुळे पोरी लवकर उजवल्या जातात. वडिलांचे जवळजवळ ठरले होते. गणिताच्या बाई एका रविवारी घरी आल्या. मला वाटले, त्या कायदा सांगतील, वय सांगतील. आधी एक गुरुजी येऊन ते सांगून गेले होते आणि वडिलांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावले होते. बाईंनी चहा घेतला आणि विचारले, “भाऊ, मागल्या साली उचल फिटली का?”

वडील म्हणाले, “न्हाई बाई. अंगावर राहिली.”

“मग लगीन करून कोयता वाढंल तो जावयाच्या घरचा. तुमच्या अंगावरची उचल तशीच ऱ्हाईल, आन् वर लग्नाचं कर्ज. पोरगी गेली, पैसाबी गेला. माझ्या बापानं थोरल्या बहिणीचं असंच केलं. अजून फेडतोय.”

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी त्यांनी खरी अडचण सांगितली. मोठी झालेली पोरगी सहा महिने गावात एकटी ठेवायची कशी? कायदा सांगणाऱ्या गुरुजींना ही अडचण त्यांनी सांगितली नव्हती. कारण त्यांना ती समजेल असे वाटले नव्हते. मग आजीशी बोलणे झाले, भावाला हंगामी वसतिगृहात घालायचे ठरले, आणि दर रविवारी बाई आमच्या दारावरून चक्कर मारून जातील असेही ठरले. स्थळ परत गेले. मी दहावी झाले.

नंतर एकदा मी भारावून जाऊन बाईंना म्हणाले, “बाई, तुमच्यासारखं व्हायचंय मला.” त्या म्हणाल्या, “माझ्यासारखं म्हणजे काय? मी लई हुशार होते म्हणून मास्तरीण झाले नाही. माझ्या आजीनं मला गावात ठेवून घेतलं म्हणून झाले. तुझी आजी तुला ठेवून घेतीये. एवढंच आहे बघ ते.” एखाद्या मोठ्या वक्त्याने ध्येयवाद, जिद्द, चिकाटी असे शब्द वापरले असते. बाईंनी मला वाट कशी बनते ते सांगितले. त्या वाटेवरून चालून आलेले माणूसच ते सांगू शकते.

येथे लेख संपवला असता तर तो गोड झाला असता. पण मग तो खरा झाला नसता.

आमच्या वर्गातल्या पारध्याच्या मुलाचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. वर्गात कोणाची पेन्सिल हरवली, कंपास हरवली, की पहिले दप्तर त्याचे तपासले जाई. इंग्रजांनी ज्या जमातींना कायद्यानेच गुन्हेगार ठरवले होते, त्यांत पारधीही होते. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. कागदावरचा शिक्का पुसला गेला, दप्तरावरचा राहिला. नववीत एका मुलीचे परीक्षा फीचे पैसे हरवले. तास गणिताचा होता. आणि माझ्या त्या बाईंनी, होय, त्याच बाईंनी, सरळ त्याच्या बाकापाशी जाऊन म्हटले, “दप्तर उघड.”

पैसे त्या मुलीच्याच वहीच्या कव्हरात सापडले. बाईंनी “बरं, बस” एवढेच म्हटले. दिवाळीनंतर तो मुलगा शाळेत आला नाही. कोणी चौकशीला गेले नाही. मी आजीकडे राहून शिकत होते, बाई दर रविवारी माझ्या दारावरून जात होत्या, आणि त्याचा पाल गावाबाहेर अर्ध्या कोसावर होता. मीसुद्धा तेव्हा काही बोलले नाही. आज हे लिहिताना हात जड होतो. ज्या बाईंनी मला वाचवले, त्यांना तो मुलगा दिसला नाही. कारण तो त्यांच्या वाटेवरचा नव्हता. यात बाईंची निंदा करण्याचा हेतू नाही. प्रत्येक माणसाची नजर कुठेतरी जाऊन थांबते. म्हणूनच एक नजर पुरत नाही. शिक्षकांच्या खोलीत त्या दिवशी पारधी समाजातला एक जरी शिक्षक असता, तर कदाचित बाईंनाही “दप्तर उघड” हे शब्द उच्चारताना क्षणभर थांबावेसे वाटले असते. निरनिराळे शिक्षक विद्यार्थ्यांना तर हवेतच. ते शिक्षकांनाही हवे आहेत.

आणि हे केवळ ‘आपल्या’ मुलांपुरते नाही. या महाविद्यालयात प्रथम वर्षाला असताना राज्यशास्त्राला एक अंध सर होते. पहिल्या महिन्यात आम्ही काय केले असेल? एकीने तिघींची हजेरी लावायची. मीही ते केले. आवाज थोडा बदलायचा आणि “हजर” म्हणायचे. आम्हाला वाटे, सरांना काय कळणार! एके दिवशी तास संपताना सर हसून म्हणाले, “आज एक आवाज तीन वेळा ऐकला. पहिल्यांदा खरा वाटला.” आणि काठी घेऊन निघून गेले. नाव घेतले नाही. पण मला जमिनीने पोटात घ्यावे असे झाले. पुढे वर्षभर त्यांनी आम्हाला संविधान शिकवले. कलमे तोंडपाठ, खटले तोंडपाठ, आणि प्रश्न विचारणाऱ्याकडे बरोबर तोंड वळवून उत्तर. वर्षाच्या सुरुवातीला आमच्या मनात त्यांच्याविषयी दया होती. वर्ष संपताना ती कुठे गेली ते कळले नाही. तिच्या जागी धाक आणि आदर आला. मी अंध नाही. तरीही त्या सरांनी मला जे शिकवले ते डोळस शिक्षक शिकवू शकला नसता. उद्या मी कोणत्याही कचेरीत बसले आणि समोर अंध माणूस अर्ज घेऊन आला, तर त्याच्याबरोबर आलेल्या माणसाशी न बोलता मी त्याच्याशीच बोलेन. हे शिक्षण कोणत्या पेपरात बसते?

परंतु आदर्शाची एक उलटी बाजूही असते, आणि ती आपण डोळ्यांआड करतो. ते सर तासिका तत्त्वावर होते. जितके तास तितके पैसे, तेही कित्येक महिन्यांनी. सुट्टीत काही नाही. पुढच्या जूनमध्ये बोलावणे येईल की नाही याची शाश्वती नाही. ते आता येत नाहीत. माझा भाऊ बारावीला आहे. त्याला मी अभ्यास कर म्हटले की तो म्हणतो, “ताई, तुझ्या सरांनी एवढं शिकून काय झालं? त्यापेक्षा मुकादमाकडचा ड्रायव्हर जास्त कमावतो.” यावर माझ्यापाशी उत्तर नाही. विद्यार्थी शिक्षकाच्या शिकवण्याकडे पाहतो तसा त्याच्या चपलेकडेही पाहतो. वंचित घरातला एक माणूस प्रचंड कष्टाने पदव्या मिळवतो आणि चाळिशीला आला तरी तासांवर मोजला जातो, तेव्हा तोही एक आदर्श ठरतो – शिकू नये याचा.

आकड्यांकडे एकदा पाहिले म्हणजे दुसरी बाजूही स्पष्ट होईल. शालेय शिक्षकांत आज देशभरात स्त्रिया निम्म्याहून अधिक आहेत. १८४८ पासूनचा हा प्रवास आनंदाचा आहे. परंतु महाविद्यालये आणि विद्यापीठे यांचे चित्र वेगळे आहे. केंद्र शासनाच्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षण पाहणीनुसार अध्यापकांत अनुसूचित जातींचे प्रमाण शेकडा ९ च्या आसपास आणि अनुसूचित जमातींचे शेकडा ३ हूनही कमी आहे. मुस्लिम अध्यापक शेकडा ६ च्या आतच आहेत. २०११ च्या जनगणनेत हेच समाज लोकसंख्येच्या अनुक्रमे शेकडा १६.६, ८.६ आणि १४.२ होते. जसजसे वर जावे तसतसा शिक्षकवर्ग एकसारखा होत जातो.

आणि कधीकधी हे नियमांच्या बारीक अक्षरांतून घडते. २०१७ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, विद्यापीठातील आरक्षणासाठी संपूर्ण विद्यापीठ हा घटक न धरता प्रत्येक विभाग हा घटक धरावा. ऐकायला ही बाब किरकोळ वाटते. पण बिंदुनामावलीत अनुसूचित जातीची पाळी सातव्या जागेला आणि जमातीची चौदाव्या जागेला येते. ज्या विभागात मुळात चार-पाचच जागा, तेथे चौदावी जागा कधी येणार? देशभर आंदोलने झाली आणि २०१९ साली संसदेने कायदा करून केंद्रीय संस्थांसाठी संपूर्ण संस्था हाच घटक ठरवला. एका तांत्रिक शब्दाने फळ्यापाशी कोण उभे राहणार हे ठरत होते. कला शाखेच्या विद्यार्थ्यांना हिशेबाचा कंटाळा असतो. पण असले हिशेब आपण वाचायला शिकले पाहिजे.

मग गुणवत्तेचे काय? हा प्रश्नही राहतोच. मला वाटते, गुणवत्ता हवीच, आणि ती कसून तपासावी. ज्याला विषय येत नाही तो आपल्या जातीचा आहे म्हणून आपल्या मुलांपुढे उभा करणे हा आपल्याच मुलांचा द्रोह होय. परंतु एप्रिलमध्ये उगवलेल्या मुलीला “कुठे होतीस” न विचारता “कुठल्या कारखान्यावर होता” असे विचारता येणे, ही गुणवत्ता नाही काय? नंदुरबारच्या पाड्यावरच्या मुलाला त्याच्या बोलीत एक वाक्य समजावून सांगता येणे ही गुणवत्ता नाही काय? ती गुणपत्रिकेत दिसत नाही, एवढाच तिचा दोष.

आणखी एक इशारा. निराळ्या घरांतून आलेला शिक्षक मिळाला म्हणजे त्याच्यावरच साऱ्या समाजाचे ओझे टाकायचे, ही पद्धतही बरी नव्हे. आदिवासी प्राध्यापक आले की शिष्यवृत्तीचे सारे अर्ज त्यांच्याकडे. प्राध्यापिका आल्या की रांगोळी आणि स्वागतसमिती त्यांच्याकडे. १४ एप्रिलचे भाषण एकाकडे आणि ३ जानेवारीचे दुसरीकडे. विज्ञानमंडळ, परीक्षा विभाग, ग्रंथालय समिती मात्र ठरलेल्यांकडे. सावित्रीबाईंवर आमच्या इतिहासाच्या सरांनी बोलावे आणि शेक्सपिअरवर आदिवासी मॅडमनी बोलावे, तेव्हा खरा अर्थ येईल.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. रिकाम्या जागा कायमच्या भराव्यात, कारण पोटाची भ्रांत असलेला शिक्षक आदर्श होऊ शकत नाही असे नव्हे, पण त्याला तशा स्थितीत ठेवणारा समाज खचितच होऊ शकत नाही. निवड करताना आपल्या विद्यार्थ्यांची यादी एकदा समोर ठेवावी आणि शिक्षकांची यादी तिच्याशेजारी ठेवून पाहावी. आणि आपल्यापैकी जे बी.एड. करून शिक्षक होणार आहेत, त्यांनी आपल्या वर्गात आपल्याला कोण दिसत नाही हा प्रश्न रोज एकदा स्वतःला विचारावा. हा शेवटचा मुद्दा मी सर्वांत आधी स्वतःला उद्देशून लिहीत आहे. कारण मला शिक्षिका व्हायचे आहे.

गेल्या उन्हाळ्यात गावी गेले तेव्हा तालुक्याच्या बाजारात तो पारध्याचा मुलगा भेटला. आता तो मुलगा राहिलेला नाही. कडेवर त्याचे लेकरू होते. त्याने मला ओळखले. “तू अजून शिकतीस?” असे विचारले. मी हो म्हणाले. मग लेकराकडे बोट करून तो म्हणाला, “याला घालायचाय साळंत.” मी म्हणाले, “घाल की.” तो म्हणाला, “तिथं आपलं कोण हाय का?”

मी गप्प राहिले. या लेखाला मी जे नाव दिले आहे, तोच तो प्रश्न आहे. चार-पाच वर्षांनी ते लेकरू शाळेत जाईल. त्याच्या वर्गात ५ सप्टेंबर येईल, यादी लागेल. त्याच्या हाती घंटा देतील की खडू, याचे उत्तर तोवर आपल्याला तयार करायचे आहे.

– एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला